जपून ठेवलेली गैरसोय

आपल्याकडे हॉटेल ठरवताना आधी सोयी विचारतात: एसी आहे का, लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावायची. इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या पबला असलं काही विचारायचं नसतं. तिथे वय विचारायचं. इमारत जितकी म्हातारी तितका तिचा मान, आणि म्हातारपणाची दुखणी हेच तिचे दागिने.

सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावातला 'जॉर्ज इन' घ्या. तळमजला दगडी, वरचे मजले लाकडी सांगाड्याचे. जवळच्या मठातल्या कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी काढलेलं हे ठिकाण. लोकरीच्या व्यापाऱ्यांची इथे उतरायची सोय होई. हा पंथ मौनासाठी प्रसिद्ध. शनिवारी रात्री अशा पबातला गलका ऐकावा, म्हणजे साधूंनी शिल्लक टाकलेले शब्द व्याजासकट कुठे गेले ते कळतं.

1668 साली प्रसिद्ध इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स या गावात जेवला. जेवण उत्तम झालं, एवढंच त्यानं रोजनिशीत लिहिलं आणि पुढे लगेच आकडा टाकला: 10 शिलिंग. चवीला दोन शब्द आणि खर्च मात्र चोख! साहेबाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

1685 मध्ये राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध बंड करून उठलेला त्याचा पुतण्या, ड्यूक ऑफ मॉनमथ, याच जॉर्जमध्ये उतरला होता. पुढच्याच महिन्यात लंडनला त्याचं डोकं उडवलं. जुन्या पबात डोकं सांभाळायची रीत बहुधा तेव्हापासूनची असावी. कारण तुळया इतक्या खाली असतात की सहा फुटी गोरे वाकून, जवळजवळ मुजरा करत आत येतात. आम्ही मात्र ताठ मानेनं जातो. शाळेत कायम पहिल्या रांगेत उभं केलेल्या उंचीचं असं सार्थक होईल, असं वाटलं नव्हतं. आणि तुळई वर सरकवता येत नाही. जॉर्जसारखी वास्तू पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत असते. टेंगूळ येण्याची व्यवस्थासुद्धा कायद्यानं जपलेली!

बाकीच्या सोयी अशा. शेकोटी असते, तिच्यासमोरची जागा गावातल्या एखाद्या कुत्र्याची असते. वेटर नसतो, आपणच काउंटरवर जायचं. तिथे रांग दिसत नाही, पण आपल्या आधी कोण आलं ते प्रत्येकाला पाठ असतं. चुटकी वाजवून 'अरे, इकडे बघ' म्हणणाऱ्याचा नंबर थेट पुढच्या शतकात लागतो. पिंपातली एल, म्हणजे तिथली बिअर, तळघराच्या थंडाव्यात, 11 ते 13 अंशांवर ठेवलेली. आपल्या हिशेबानं ती कोमटच, पण तसं तोंडावर म्हणू नये. पाइंट मात्र 568 मिलिलिटरचा, कायद्यानं ठरलेला. मित्रांसोबत असाल तर पाळीपाळीनं सगळ्यांसाठी आणायचं. आपली पाळी आली की ज्याला फोन येतो, त्याला गाव विसरत नाही.

या सगळ्यात एकच सोय मला खरोखर हवीशी वाटली: घंटा. पहिली वाजली की शेवटची मागणी द्या. दुसरी वाजली की वेळ संपली, हातातला पेला संपवा आणि निघा. कुणी रागावत नाही, कुणी 'अजून थोडं बसा ना' म्हणत नाही. 'निघतो हं' म्हणून दारात चप्पल घालून पाऊण तास बोलणारे पाहुणे ज्या महाराष्ट्रात आहेत, तिथे प्रत्येक दिवाणखान्यात ही घंटा सरकारी अनुदानानं बसवली पाहिजे.