रॅम्परावांना अनावृत पत्र

श्री. रॅम्पराव, मुक्काम तहसील कचेरी, यांस,


तुमची फीत कापली गेली, फोटो पेपरात झळकला, अभिनंदन! झाडावरून पडून माझ्या मज्जारज्जूला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून तुमच्यासारख्या बड्यांची भेट दुर्मिळच.

एक हिशेब तेवढा जुळेना. निकष सांगतो, १ फूट चढायला १२ फूट लांबी. कचेरीच्या ३ पायऱ्या म्हणजे दीड फूट. तुम्ही १८ फूट पसरायला हवं होतं. तुम्ही ६ फुटांत आटोपलंत. सरकारी बांधकामात इतकी काटकसर आम्ही प्रथमच पाहिली. आता चाकाची खुर्ची वर ढकलायला दोन माणसं लागतात. पायऱ्यांवरून उचलून न्यायलाही दोनच लागत होती. पायथ्याशी कुणाची तरी मोटारसायकल असते. असू द्या, तिलाही सावली हवी.

वर पोचलं की 'साहेब मीटिंगला गेलेत, बसा.' आम्ही बसलेलेच असतो! पण खाली संवेदना नाही, किती वेळ झाला ते बुडाला कळत नाही. हातांवर जोर देऊन अधूनमधून अंग उचललं नाही, तर जखम धरते आणि महिनोन्महिने भरत नाही. शिबिरात खुर्ची मिळाली तेव्हा हार मिळाला, गादी नाही.

खरी गोम पुढेच आहे. दर चार-सहा तासांनी कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. कचेरीतल्या संडासाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद. म्हणून इकडे यायचं त्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. मग संसर्ग, ताप, आणि जिल्ह्याचं हॉस्पिटल. पण संडासाचं दार रुंद केलं तर फीत कुठे बांधणार?

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत; ३ महिन्यांत बंधनकारक नियम करा. तुमच्या कानावर आलं असेलच. तुम्ही दारातच असता.

पुढच्या महिन्यात मी जिवंत असल्याचं दाखवायला यायचंय. हयातीच्या दाखल्याशिवाय निराधार योजनेचे पैसे अडतात. तेवढी मोटारसायकल हलवता आली तर पाहा. नाहीच जमलं तर साहेबांनाच खाली पाठवा, त्यांना पायऱ्या उतरता येतात.

आपला कृपाभिलाषी,
एक लाभार्थी