तुमची स्टाइल कोणती?

धोबीतलावच्या खेळसाहित्याच्या दुकानात शिरा आणि पिकलबॉलचं पॅडल मागा. किंमत कुणी सांगत नाही. आधी विचारतात, "साहेब, तुमची खेळायची स्टाइल कोणती?"

साहेबांनी अजून कोर्टावर पाऊल ठेवलेलं नाही.

पण गिरगावकर "माहीत नाही" म्हणाल्याचं कुणी ऐकलंय? "अ‍ॅटॅकिंग," साहेब ठणकावतात. तिथेच बिलात तीन हजार वाढतात.

आता दुकानदार तीन मंत्र म्हणतो: पॉवर, कंट्रोल, स्पिन. पॉवरवाल्याला एक पॅडल, कंट्रोलवाल्याला दुसरं, स्पिनवाल्याला तिसरं. ज्याची सर्व्हिसच नेटमध्ये जाते, त्याच्यासाठी वेगळं कपाट का नाही?

खरं तर मामला सोपा आहे. पॅडलं साधारण 200 ते 240 ग्रॅमची असतात. हलकं पॅडल नेटजवळ चटकन फिरतं, पण जोरदार चेंडू आला की हातात वळतं. जड पॅडल चेंडू मागे रेटतं आणि महिनाभरात तुम्हाला हाडांच्या डॉक्टरकडे.

आतला गाभा 16 मिलिमीटरचा असेल तर चेंडू मऊ, ताब्यात निघतो. 13 चा असेल तर टणकन सुटतो. वर फायबरग्लास असेल तर फटका जोराचा बसतो, खरखरीत कार्बन असेल तर फिरकी मिळते.

म्हणजे, ज्याला फिरकी देता येते त्याला.

लांबुळकं पॅडल घेतलं की हात दूरवर पोचतो, पण चेंडू नेमका बसण्याची जागा आक्रसते. नवख्याने रुंद घ्यावं, हे उघड आहे. नवखा लांबुळकंच उचलतो. रीलमध्ये तेच दिसतं ना!

नियम काय सांगतो? लांबी 17 इंचांच्या आत, लांबी-रुंदी मिळून 24 इंचांच्या आत. वजनाला मर्यादा नाही. जाडीला नाही. किमतीला तर नाहीच नाही.

आणि हा खेळ जन्मला कसा? 1965 साली, सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर. जोएल प्रिचर्ड यांच्या अंगणात बॅडमिंटनचं कोर्ट होतं, धड रॅकेटं मात्र सापडेनात. पोरांच्या हातात टेबल टेनिसच्या बॅटी दिल्या. पुढे बार्नी मॅकॅलम यांनी प्लायवूड कापून पॅडलं केली. त्यांना कुणी स्टाइल विचारली नाही.

1984 मध्ये बोइंगच्या आर्लन पॅरांटो या इंजिनिअरने विमानाच्या फरशीत वापरतात तसल्या षटकोनी जाळीच्या पॅनेलचं पॅडल बनवलं. हलकं आणि टणक. तेव्हापासून हा खेळ विमानाच्या तंत्रावर चालतो. भावही त्याच उंचीवरून.

आपल्याकडे हा खेळ आणला सुनील वालावलकर यांनी, कॅनडात पाहून. 2008 मध्ये अखिल भारतीय संघटनाही झाली. पुढची कित्येक वर्षं ढुंकून कुणी पाहिलं नाही. मग 2025 मध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात लीग भरली, सिनेमावाले संघमालक झाले, आणि आपल्याला अचानक स्टाइल असल्याचा शोध लागला.

गंमत म्हणजे कोर्टाचं माप 44 बाय 20 फूट, अगदी बॅडमिंटनच्या डबल्सचंच. वाडीच्या चौकात चुन्याने आखून, बल्ब टांगून थंडीत रात्री अकरापर्यंत खेळायचं तेच हे. आता त्या वाडीच्या जागी टॉवर आहे. कोर्ट पोडियमवर गेलंय आणि मेंटेनन्सच्या बिलात उतरलंय.

स्वतःच्या हत्याराचा हट्ट गिरगावला नवा नाही, म्हणा. कॅरममध्ये स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंत चालतो. चाळीतला पट्टीचा खेळाडू आपला स्ट्रायकर खिशातून काढतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. पण तो स्ट्रायकर त्याने दहा वर्षं बोर्डावर घासल्यावर निवडलेला असतो.

आपल्या साहेबांना पॅडल शनिवारीच हवं असतं. रविवारी मॅच आहे.

हमखास न विचारला जाणारा प्रश्न एकच: मूठ बसते का? पॅडल धरा. बोटांची टोकं आणि तळवा यांच्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली की मूठ बरोबर. एवढं तपासायला दहा सेकंद लागतात आणि कंपनीचं नाव लागत नाही. म्हणून कुणी सांगत नाही.

"टॉपचं मॉडेल घेऊ, म्हणजे प्रश्न मिटला!" असं? 2024 मध्ये एका बड्या कंपनीची नवीकोरी मॉडेलं अमेरिकन संघटनेने मान्यतेच्या यादीतून काढून टाकली. ती घेणाऱ्यांच्या स्टाइलचं काय झालं, कोण जाणे.

शिवाय डबल्समध्ये बराचसा खेळ नेटलगतच्या सात फुटी पट्ट्याभोवती चालतो. चेंडू हळूच पलीकडे टाकायचा, समोरचा घाई करेपर्यंत थांबायचं. यात अ‍ॅटॅक कुठे आला? संयम लागतो. तो कुठल्या कपाटात ठेवलाय?

तर मध्यम वजनाचं घ्या, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. 16 मिलिमीटर, रुंद, मुठीत बसणारं. त्याआधी चार जणांची मागून खेळा. संकोच कसला, साखर मागतोच की.

आणि नवंच हवं असा हट्ट नसेल तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नजर ठेवा. कोपराला पट्टा बांधलेला कुणीतरी "फक्त दोनदा वापरलेलं" पॅडल निम्म्या किमतीत काढतोच. घासाघीस करा, आणखी पाचशे उतरतात.