डाव्या सीटखालच्या कोतवालास

रा. रा. सीट सेन्सर यांस,
मुक्काम : आमची इलेक्ट्रिक गाडी, पुढची डावी सीट, गादीच्या पोटात.



काशीला कोतवाल आहे. काळभैरव त्याचं नाव, आणि त्याच्या मर्जीशिवाय इथे कुणाला राहता येत नाही, असं आम्ही रामघाटावरची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. दुसऱ्या कोतवालाची जाहिरात कुणी दिली नव्हती. तरी आपण रुजू झालात आणि रिकाम्या सीटवर माणूस बसलाय, त्यानं पट्टा लावलेला नाही, अशी बोंब ठोकायला लागलात.

गाडी घाटापर्यंत येत नाही. ती मैदागिनला सोडून गल्ल्यांतून, सांडांना वाट देत, पायी घर गाठावं लागतं. त्यामुळे आपला आवाज घरापर्यंत पोचत नाही, ही त्यातल्या त्यात कृपा. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत तुम्ही जरा तरी झाकले गेला असतात. इथे गाडी मुकी आणि बोलणारे एकटे तुम्ही! बाबतपूर विमानतळाहून पुण्याचे यजमान आणायचे, तर मागे बसलेल्यांना काशीबद्दल सांगायला मी तोंड उघडायचं आणि टिंग-टिंग तुम्ही करायचं.

आत्यानं पहिल्याच दिवशी निदान केलं. ‘‘सीट रिकामी नाहीये. कुणीतरी बसतंय.’’ उपायही तयार होता : पिशाचमोचन कुंडावर जाऊन त्रिपिंडी श्राद्ध. काशीत अदृश्य प्रवाशांची सोय कुठे लागते हे तिला बरोबर ठाऊक. गंमत म्हणजे सर्व्हिस सेंटरचं निदान याहून फार वेगळं नव्हतं. तिथल्या साहेबांनी गाडीला स्कॅनर जोडला, पडद्यावरचा कोड वाचला आणि म्हणाले, ‘‘पूरी गद्दी बदलनी पड़ेगी.’’ सीट खोलून पाहिली का? नाही. कोड आला ना, मग झालं! त्रिपिंडीचा खर्च त्या अंदाजपत्रकापेक्षा कमी होता, हे नमूद करून ठेवतो.

आपला कारभार तरी काय मोठा आहे? गादीच्या फोमवर एक पातळ चटई, तिच्यात दाबानं एकमेकांना टेकणारे थर. माणूस बसला की विजेला होणारा विरोध घटतो, गाडी समजते ‘जागा भरली’. महागड्या गाड्यांत तुमचे थोरले बंधू वजनावरून मूल आणि मोठा माणूस ओळखून एअरबॅगला परवानगी देतात. आमच्याकडचे तुम्ही पट्ट्याची आठवण करून देणारे साधे पट्टेवाले. आट्याची पिशवी ठेवली तरी तिला माणूस समजता, ते एक वेळ चालेल. पण काहीच नसताना?

आमच्या रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. वेद शिकणारी मुलं तीच पदं क्रमानं, जटेनं, घनानं, उलटसुलट गुंफून म्हणतात, का, तर एक अक्षर हललं तरी चूक तिथल्या तिथे पकडली जावी. तुम्हाला आयुष्यात दोनच शब्द पाठ करायचे होते, ‘बसलाय’ आणि ‘नाही’. त्यांतला एक तुम्ही विसरलात.

थोर घराण्यांतही असं होतं म्हणा. डिसेंबर २०२३मध्ये टोयोटानं तुमच्या भाऊबंदांच्या शॉर्ट सर्किटपायी जगभरातल्या ११ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. पुढल्या फेब्रुवारीत होंडानं अमेरिकेत साडेसात लाख. मात्र तुमचा गुन्हा आवाज करण्याचा नाही. तुम्ही खोटं ओरडता आणि आमचे कान बधिर करता, तो खरा. आपल्याकडे १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटांना पट्ट्याची आठवण सक्तीची झाली, आणि बाजारानं त्यावर उतारा काढला : बक्कलात अडकवायची नुसती क्लिप. पट्टा नाही, आवाजही नाही. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांवरून अशा क्लिपांच्या १३,११८ नोंदी काढायला लावल्या. २०२१ या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे देशात १६,३९७ माणसं गेली होती. आणि शेजारच्या काकांनी मला भेट म्हणून काय आणून दिलं? तीच क्लिप. ‘‘लगा दो, शांती हो जाएगी.’’ त्यांच्यावर मी चिडलो नाही. त्यांना हे सुचावं इतपत तुम्हीच वाजला होतात.

शेवटी एक वायरिंगवाला मिस्त्री भेटला. त्यानं आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी मोजली. गाडीच्या पोटात एवढी मोठी बॅटरी असूनही तुमच्यासारख्यांचं पोट ही धाकटीच भरते, आणि ती ढिली पडली की नसते कोड उगवतात. ती ठणठणीत निघाली. मग त्यानं स्कॅनरवर कोड सोडून चालू आकडे लावले आणि रिकामी सीट रुळावर पुढे-मागे सरकवली. पुढे घेतली की ‘खाली’. पार मागे ढकलली की ‘भरी हुई’. पुन्हा पुढे, खाली. पुन्हा मागे, भरी हुई. अहो, पुण्याचे यजमान उंच, पुढे बसले की पाय पसरायला सीट मागे ढकलतात. ते उतरले तरी सीट तिथेच. पिशाच्च रुळाच्या त्याच टोकाला बसत होतं!

त्यानं चावी बंद केली, १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार काढली आणि निवांत पान लावलं. सीटखालचा पिवळा प्लग एअरबॅगच्या घराण्यातला. साठलेली वीज उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी घाई केली तर म्हणाला, ‘‘गुरु, इसमें बारूद है.’’ मग टॉर्च मारला. तुमची वायर बांधणारी चिमटी सुटली होती, वायर रुळाच्या धारेवर घासून तिचं कातडं सोललं होतं, आणि सीट मागे गेली की उघडं तांबं लोखंडाला टेकत होतं. चटई धडधाकट. गादी धडधाकट. सोललेला भाग एवढा, की करंगळीचं नख त्याच्यावर पुरतं.

वायर सांधून, कापडी टेप गुंडाळून, नवी चिमटी बसवली. सर्व्हिस सेंटरचं अंदाजपत्रक तुमच्याच गादीखाली सरकवून ठेवलंय. सवड झाली की वाचा आणि स्वतःची किंमत समजून घ्या. काकांची क्लिप कचऱ्यात गेली.

राहता राहिली आत्या. मिस्त्री आला त्याच आठवड्यात ती मला न सांगता पिशाचमोचनाला जाऊन आली होती, आणि आता दारी येणाऱ्या प्रत्येकाला गुण आल्याचं सांगते. मला तिच्याशी वाद घालायची इच्छा नाही. तेव्हा कृपा करून पुन्हा वाजू नका. ती मला तर्पणाला बसवील.

कळावे.

आपला,
चालक, उजवी सीट