बाळाच्या नावासाठी ना-हरकत कशी मिळवावी

घुगऱ्यांना हरभरे भिजले, पाळण्याला फुलं लागली, सगळं खरं. पण आत्याबाई बाळाच्या कानात सांगणार आहेत ते नाव एखाद्या मालिकेतून उचललेलं असेल, आणि मुक्काम इंग्लंडात असेल, तर आधी वकील गाठावा. 2024 मध्ये तिथल्या पासपोर्ट कार्यालयाने एका चिमुरडीचा अर्ज अडवला. तिचं नाव खलीसी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या या नावाचा ट्रेडमार्क वॉर्नर ब्रदर्सकडे आहे, तेव्हा त्यांची परवानगी आणा, असं आईला कळवण्यात आलं. त्याच वर्षी मधलं नाव स्कायवॉकर असलेल्या एका मुलाचंही घोडं इथेच अडलं.

अर्जदाराने प्रथम बाळाचा वर्ग ठरवावा. ट्रेडमार्कची नोंदणी माल आणि सेवांच्या 45 वर्गांत होते. झबलं वर्ग 25 मध्ये, खुळखुळा 28 मध्ये, डायपर वर्ग 5 मध्ये. पाळण्यातली एकेक वस्तू अशी बिनबोभाट जागेवर बसते. मधोमध हातपाय झाडणाऱ्या जिवाला मात्र रकाना नाही. रात्री तीनचा टाहो वर्ग 41 खाली, म्हणजे मनोरंजनात दाखवून पाहावा. शेजाऱ्यांची हरकत येईल.

नेमका हाच मुद्दा खलीसीच्या आईच्या वकिलांनी काढला: ट्रेडमार्क मालाला आणि सेवांना असतो, माणसाच्या नावाला नव्हे. मग कार्यालयाने माफी मागितली. तो नियम म्हणे फक्त नाव बदलून घेणाऱ्यांसाठी होता! सरकारी कचेरीची माफी हा खलीसीपेक्षा दुर्मीळ ऐवज. लॅमिनेट करून ठेवावा.

नाव जुनं आहे म्हणून गाफील राहू नये. वेंडी हे नाव घरोघरी गेलं ते 1904 च्या ‘पीटर पॅन’ नाटकामुळे. लेखक जे. एम. बॅरी यांनी त्याचे हक्क 1929 मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले, आणि 1988 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये त्या नाटकाची रॉयल्टी रुग्णालयाला कायमची मिळाली. तेव्हा समस्त वेंडींनी त्या रस्त्याने जाताना सुटे पैसे जवळ ठेवावेत. व्हेनेसा हे नाव जोनाथन स्विफ्टने घडवलं. ते 1745 मध्ये वारले. परवानगीचा अर्ज डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये, त्यांच्या समाधीवर ठेवावा. उत्तराला वेळ लागेल, पण पासपोर्टलाही लागतोच.

भारतातल्या पालकांना 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 35 कामी येईल. प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याच्या वाटेला ट्रेडमार्कवाल्याने जाऊ नये, असं ते सांगतं; त्या नावाने दुकान टाकलं तरी. मात्र हे कलम खिडकीवर मोठ्याने वाचू नये. मागे रांग असते, आणि साहेब जेवायला उठू शकतात.

एवढं करूनही कंपनीचं पत्र आलंच, तर शांतपणे उत्तर द्यावं. नमुना मागितल्यास फोटो पाठवावा, मूल पाठवू नये.