गुडघा अचानक धरला तर काय करावे : शिवथर खोऱ्यातील ज्येष्ठांसाठी मार्गदर्शिका

गुडघा धरायचाच असेल तर तो गणपतीत धरावा. लावणीच्या दिवसांत आख्खं घर चिखलात वाकलेलं असतं आणि 'मला वाकवत नाही' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडे संशयानं पाहिलं जातं. शिमग्यात ढोलापुढे आरोळी ऐकू जात नाही आणि लंगडणाऱ्याला लोक पालखीपुढे नाचतोय असं समजतात. गणपतीत मात्र चाकरमानी मुंबईहून आलेले असतात, अंगणात एखादी गाडी उभी असते आणि मुलाला आरतीपुरतं तरी तुमच्याशेजारी उभं राहावंच लागतं. कळ त्याच वेळी काढावी.

दुसरी अट जागेची. शिवथरघळीच्या पायऱ्यांवर मधोमध गुडघा धरू नये. पावसाळ्यात धबधब्यापुढे तुमचं 'अगं आई' कोणाला ऐकू येत नाही आणि मागून आलेली सहल तुम्ही ध्यानाला बसलात असं धरून फोटो काढते. स्वतःची ओटी ही सर्वांत सोयीची जागा. प्रत्यक्षात मात्र पुष्कळांचा गुडघा उकिडवं बसून उठताना धरतो, आणि ती जागा कोणती हे सभ्य मार्गदर्शिकेत लिहिता येत नाही.

कळ आल्यावर निदान करायला बसू नये. ते लोक करतात. शेजारच्या आजी म्हणतात, वात. त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो, त्याच्या मते वंगण संपलं. पुतण्या म्हणतो, वाटी सरकली. चौथा दारातूनच सांगतो, ''वय झालं आता, काका.'' या चौघांतल्या चौथ्यापासून सांभाळून राहावं. पहिले तिघे निदान काहीतरी झालंय हे तरी मान्य करतात. चौथ्याच्या मते काही झालेलंच नाही. अहो, वय सावकाश होतं. काल संध्याकाळी गुरं घेऊन माळावरून उतरलेल्या माणसाचं वय आज सकाळी साडेसहाला होत नाही. कूर्चा झिजायला वर्षं लागतात. एका रात्रीत जे होतं त्याला बहुधा आणखी काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

कारणांची निवड भरपूर आहे. युरिक अॅसिडचे खडे सांध्यात साचून होणारा गाऊट अंगठ्याला प्रसिद्ध असला तरी गुडघ्यालाही सोडत नाही, आणि त्याला रात्रीची वेळ विशेष आवडते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्याला आयतं आमंत्रण. शिवाय ऐन झटक्यात रक्तातलं युरिक अॅसिड ठीक दिसू शकतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोणी तुम्हाला सोंगाडं ठरवलं तर मानू नये. याचा एक जुळा दिसणारा भाऊ आहे, स्यूडोगाऊट. त्याचे खडे कॅल्शियमचे, त्याचं गिऱ्हाईक उतारवयातलं आणि आवडता सांधा गुडघाच. एक्स-रेत कधी कधी कूर्चेत पांढरी रेघ दिसते. खात्री करायची तर सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मग गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस. तरुणपणी ती फाटायला कबड्डी लागते. साठीनंतर पाटावरून उठणं पुरतं. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला न पडताही बारीक तडा जाऊ शकतो, आणि तो साध्या एक्स-रेत सुरुवातीला लपून बसतो.

या खोऱ्यातल्या रुग्णाला एक सोय आहे जी इतरत्र मिळत नाही : इथे दुखण्याला प्रतिष्ठा आहे. समर्थांनी दासबोध इथल्याच घळीत सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही घळ शोधून लोकांपुढे आणली. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचं निरूपण आहे, आणि देहातल्या देहात उठणारी जी दुखणी, त्यांना तिथे आध्यात्मिक ताप म्हटलंय. यादी चांगली लांब आहे. तेव्हा 'गुडघा दुखतोय' असं रडत न सांगता 'आध्यात्मिक ताप चालू आहे' असं सांगावं. ऐकणारा पाया पडायला वाकतो. (पडू देऊ नये. पाय दुखरा आहे.)

साप-विंचवाचा तो आधिभौतिक ताप. त्यातल्या विंचवाचा बंदोबस्त याच महाड तालुक्यात झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, विंचू चावलेली माणसं मरताना पाहिली, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वेळेवर दिली तर ती वाचतात हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'विंचू चावला, आता देवाची मर्जी' हे वाक्य त्यांनी ऐकलं नाही, एवढंच. 'वय झालं' हे त्याच वाक्याचं धाकटं भावंड.

उपचाराकडे वळू. निर्गुडीचा पाला, एरंडाचं पान, फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट, हे सगळं संध्याकाळपर्यंत घरपोच येतं. जुन्या, आखडलेल्या गुडघ्याला ऊब बरी वाटते, नाकारू नये. पण आजच सुजलेल्या, हाताला गरम लागणाऱ्या गुडघ्यावर आणखी तापलेली वीट ठेवणं म्हणजे आगीशी सोयरीक. त्याला गार शेक हवा : बर्फ फडक्यात बांधून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. शिवथरात बर्फ कुठला, हा प्रश्न रास्त आहे. मोटरसायकलवरून मासे घेऊन येणाऱ्याकडे असतो. गुडघ्याला दोन दिवस कोळंबीचा वास येतो आणि घरचं मांजर अचानक तुमची सेवा करू लागतं.

बाजारातली सांधेदुखीची बिननावाची पुडी मात्र घेऊ नये, मग ती 'शंभर टक्के जडीबुटी' का असेना. एका दिवसात बरं वाटलं तर जास्त घाबरावं. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. मेडिकलमधून मनानं आणलेली दुखण्याची गोळीही म्हाताऱ्या मूत्रपिंडाला आणि पोटाला महाग पडते.

काही प्रसंगी गणपतीचीच काय, उद्याचीही वाट पाहू नये. गुडघा लाल-गरम आणि सोबत थंडी वाजून ताप असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तो काही दिवसांतच कूर्चा खातो. पाय टेकवताच येत नसेल, गुडघा अडकून सरळ होत नसेल, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली असेल, तरी तेच. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली तरी पोटरी सुजते आणि शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी सुजते. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून पुतण्यानं ती चोळू नये.

एरवी महाडला एसटीनं जावं. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. पायरी मात्र शासनानं होती तिथेच ठेवली आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सिनेमातले म्हातारे उलट धरतात, त्यांचं ऐकू नये. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कंडक्टर घाई करील. त्यालाही आध्यात्मिक ताप सांगावा.

दवाखान्याच्या बाकावर कोणीतरी वाजपेयींचा विषय काढणारच. खरं आहे, त्यांचा डावा गुडघा २००० साली आणि उजवा २००१ साली मुंबईत ब्रीच कँडीत बदलला. हेही खरं, की २०१७ साली सरकारनं नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली. पण ते पूर्ण झिजलेल्या सांध्याचं काम. कालच्या कळेवर आज गुडघा बदला म्हणणाऱ्याला बाकावरची जागा द्यावी आणि आपण उठून दुसरीकडे बसावं, तेवढाच व्यायाम.

खरा व्यायाम सूज उतरल्यावर. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून ती दाबावी, पाच मोजावे, सोडावं. दहा वेळा. मालिका बघत केला तरी चालतो, मात्र रडण्याच्या प्रसंगात मोजणी चुकते.

इतक्यात चाकरमानी परत निघतात. नातू म्हणतो, ''आजोबा, मे महिन्यात रायगडला जाऊ, रोपवे आहे की.'' आहे, १९९६ पासून आहे, चौदाशेवर पायऱ्या वाचतात. पण वर पोचल्यावर राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर हे सगळं चालतच बघायचं असतं, हे त्याला लगेच सांगू नये. आधी त्याच्याकडून चांगली काठी मागवावी, खाली रबर असलेली.