सत्तर डेसिबलची शांतता

निवृत्तीनंतर माणसानं सुतारकाम करू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. आमच्या घरात मात्र ते रोज बोलून दाखवलं जातं. मागच्या बाल्कनीत मी जो कारखाना थाटलाय, त्याचं मुख्य उत्पादन भुसा. रंध्याचे छिलके झाडूनं गोळा होतात. एमडीएफचं पीठ ऐकत नाही. ते पडद्यांत, वाळत घातलेल्या कुरडयांत आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या धोतरात शिरतं. म्हणून शॉप व्हॅक्यूम घ्यायचं ठरलं. आणि काकांच्या वामकुक्षीचा मान राखायचा, तर तोही आवाज न करणारा.

झालं, मी अभ्यासाला लागलो. आवाज दहा डेसिबलनं उतरला की ध्वनीची ऊर्जा दहापट घटते, पण कानाला तो साधारण निम्माच वाटतो. खोक्यावरचे १,४०० वॅट ही ओढण्याची ताकद नव्हेच, तो विजेचा खुराक. ओढ मोजायची किलोपास्कलमध्ये. आत मोटर मिक्सरच्या जातीचीच, कार्बन ब्रशवाली. मिनिटाला २०,००० च्या वर फेरे घेणारी. ती गप्प कशी बसावी? ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये लंडनमध्ये व्हॅक्यूम क्लीनर काढला, तेव्हा यंत्र घोडागाडीवर रस्त्यात उभं राही आणि नुसत्या नळ्या खिडकीतून आत येत. म्हणजे स्वच्छता घरात, आवाज गावाला. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

एवढं सगळं मी बोहरी आळीतल्या दुकानदाराला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे चहा संपवला आणि एका पिंपवजा यंत्राचं बटण दाबलं. फळीवरचे खिळ्यांचे डबे थरथरायला लागले. तो ओरडून म्हणाला, ‘‘साहेब, आवाज आहे म्हणून तर ताकद कळते! गप्प मशीन लोक परत आणतात, ओढत नाही म्हणून.’’

मी अर्थातच गप्प मशीन घेतलं. सत्तर डेसिबल, किंमत पिंपाच्या दुपटीहून जास्त. शिवाय त्याच्या अंगावर एक सॉकेट: त्यात सर्क्युलर सॉ जोडायची, की सॉ चालू होताच व्हॅक्यूम आपोआप चालू. या सोयीवर मी इतका भाळलो की एक साधा हिशेब दुकानातच राहिला. सॉ शंभरच्या आसपास किंचाळते. शंभर आणि सत्तर डेसिबल मिळून एकशेसत्तर होत नाहीत, जेमतेम शंभरच राहतात. म्हणजे ज्या शांततेचे मी जादा पैसे मोजले, ती सॉच्या किंचाळण्याखाली अशी गाडली जाते की पिंप आणलं असतं तरी काकांना फरक कळला नसता. कळला नाहीच. ते कानात कापूस घालून वर आले आणि म्हणाले, ‘‘नवीन करवत घेतलीत का?’’

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. सॉ थांबल्यावर नळीतला उरलेला भुसा ओढून घ्यायला हे यंत्र आणखी काही सेकंद एकटंच चालतं. तेवढ्या वेळात ते खरोखर इतकं सौम्य घुमतं, की स्वयंपाकघरात बायको बहिणीशी फोनवर बोलत असते ते शब्दन्‌शब्द ऐकू येतं.

‘‘हो, अजून ते स्टूलच करताहेत. छे गं, बसायचं नाही त्यावर!’’