माळकरी काका आणि सात जणांची वाइन

सोलापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या माणसाला कुणी कारण विचारत नाही, ही आमच्या जिल्ह्याची मोठी सोय आहे. मोहोळ ओलांडलं की चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे तुम्हाला 'माउली' म्हणतात आणि आपणही चेहऱ्यावर जमेल तेवढा भक्तिभाव ठेवतो. आम्हाला जायचं होतं त्याच्याही पुढे, वेळापूर-अकलूजच्या बाजूला, माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला. तिथे वाइन होते. शेजाऱ्यांना सांगताना आमचा प्रवास पंढरपुरातच संपवला होता.

वाटेत कासेगावचे काका घेतले. गळ्यात तुळशीची माळ, वारी कधी चुकलेली नाही आणि सगळी हयात द्राक्षांत गेलेली. "प्यायची न्हाई, पर बघायला माळ कुठं आडवी येती?" हा त्यांचा निवाडा. परतीला गाडी हाकायला शुद्धीतला माणूस लागणार होता, तेव्हा मीही शास्त्रार्थ वाढवला नाही.

मोटेवाडीची फ्रटेली ही भावांच्या तीन जोड्यांनी मिळून काढलेली वायनरी. इटलीचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ एका बांधावर उभे राहिले की मागोमाग तलाठी येतो. इथे सहा भावांनी एकत्र बाग लावली, रोपं थेट फ्रान्समधून आणली, आणि अजून कुणी कुंपण हलवल्याची बातमी नाही. वाइन करायला टस्कनीचे पिएरो मासी आले. सहा भाऊ आणि सातवे मासी, म्हणून त्यांच्या मानाच्या लाल वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे इटालियनमध्ये सात. पहिली सेत्ते 2009 च्या हंगामाची.

"सात नावं एका कागदावर," काका म्हणाले. "सातबाराच झाला की."

अकलूज ओळखलं जातं ते साखर कारखान्यासाठी, लावणी स्पर्धेसाठी आणि घोडेबाजारासाठी. उसाच्या फडांमधून जाताना इथे सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यो ही सेत्तेची द्राक्षं पिकत असतील यावर विश्वास बसत नाही. बागेत शिरल्यावर काकांचा तर डोळ्यांवरही बसेना. त्यांनी घड तळहातावर घेतला आणि चेहरा एकदम पडला.

"हे मणी? आरं, आमच्याकडं व्यापारी बांधावरनंच माघारी जाईल!"

त्यांचं बरोबर होतं. खायच्या द्राक्षाला मणी टपोरा लागतो. त्यासाठी जीए (जिबरेलिक ॲसिड) या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे, विरळणी करायची, साल पातळ ठेवायची, बी तर नकोच. याच जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाकासारखा लांबट, बिनबियांचा वाण शोधून काढला. आणि इथे पाहावं तर मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया, आणि वेलीवर मुद्दामच माल कमी धरलेला. ज्या ज्या गोष्टी टाळायला काकांनी आयुष्यभर औषधं फवारली, त्या सगळ्या इथे गुण म्हणून मिरवत होत्या. बाग दाखवणाऱ्या मुलाने समजावलं, की रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. काकांनी लगेच एक मणी चिमटला. रस पांढरा.

"आणि गोडी किती धरता?"

"बावीस-चोवीस ब्रिक्स."

"म्हंजे बेदाण्याची!" काका पहिल्यांदाच खुलले. त्या क्षणापासून ते पाहुणे राहिले नाहीत, तज्ज्ञ झाले. मुलगा सांगत गेला: इटलीत वेल थंडीत झोपते आणि तोडा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. इथे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि तोडा जानेवारी ते मार्च. हे ऐकून ते म्हणाले, "आमी तरी कुठं झोपतो?"

आत स्टीलच्या उंच टाक्या. लाल वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात; साली वर तरंगून जाड थर धरतात, तो मोडून रस पुन्हा वरून सोडत राहायचं. मग सेत्ते फ्रेंच ओकच्या पिंपांत वर्षभराहून जास्त मुरते. सांजोवेसे आंबटपणा आणि चेरीचा वास देते, काबर्ने अंगकाठी देते, आणि ओक भाव वाढवतो. बाटलीची किंमत हजारांत आहे. काकांनी ती द्राक्षाच्या पेट्यांत मोजून पाहिली आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

मग चाखणं. ग्लास तिरका धरा, फिरवा, नाक आत घाला. मी तसंच केलं, डोळे मिटले आणि "हं" म्हणालो. या 'हं'चा अर्थ काहीही होऊ शकतो. वाइनच्या जगात तो पुरतो. काकांनी फक्त नाक नेलं.

"करवंदं. ओलं लाकूड. आणि जुन्या वहाणा."

मुलगा गप्प झाला, मग हसला. अशा मिश्रणाबद्दल जाणकार जे लिहितात ते हेच: गडद फळं, ओक आणि चामडं. एक थेंबही न पिता काकांनी ते तीन शब्दसमूहांत उरकलं होतं. माझा 'हं' तसाच हवेत राहिला.

चवीचं सांगायचं तर सेत्ते भारदस्त आहे, जिभेवर कोरडी उतरते आणि एकटी पिण्यापेक्षा मटणासोबत खुलते. मात्र सोलापूरच्या अभिमानापोटी तिच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊ नका. मिरचीपुढे तुरटपणा दुप्पट होतो आणि हजारांतली बाटली काढ्यासारखी लागते.

जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, तोडा चालू असतो; आधी फोन करून वेळ घ्या. आषाढीच्या सुमारास हा बेत आखू नका, रस्ता पालख्यांचा असतो आणि एकादशीला राज्यभर विक्री बंद असते. आणि गाडीत एक माळकरी जरूर घ्या. परतीचं स्टिअरिंग त्याच्याच हाती द्यायचं.